सतरा नंबर

भुसावळला पारा सेहेचाळीसवर,
आमच्या फ्रीजरात उणे ऐंशी.
मध्ये एक दार, भटूआप्पांनी सुतळीने बांधलेलं.

आत उंदरांची यकृतं,
तुरीच्या दाण्याएवढे तुकडे;
प्रत्येक तुकडा त्या सकाळी जे बोलत होता
त्याच शब्दावर गोठलेला.

लाइट गेली.
आधी शब्द विरघळतात, मांस फार नंतर.
आप्पा कुल्फीवाल्याकडून बर्फ घेऊन धावत आले, मीठ लावलेला.
तेवढ्याने भागत नाही, हे मी बोलले नाही.

जूनमध्ये निकाल पडद्यावर:
लाल म्हणजे जनुक ओरडतंय, हिरवं म्हणजे निवलंय.
औषधवाले हिरवे. बिनऔषधाचे लाल.
आणि सतरा नंबर,
ज्याला नुसतं पाणी पाजलं,
तोही हिरवा, कोवळ्या कपाशीसारखा.

तीन रात्री आकडे उलटेपालटे केले.
चौथ्या दिवशी पिंजरे धुता धुता आप्पा म्हणाले,
"उगामुगा बसे तो कोपरामा.
म्हनीसन रोज भाकरना तुकडा दिधा. कळनानी भाकर."

मी तक्त्यातून सतरा खोडला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: दूषित.
मग बराच वेळ
पेनाचं टोपण सापडेना.