दर माणशी चार लिटर

सानपाड्याला, रझाक मिस्त्रीच्या गॅरेजमागे
उलट्या ड्रमवर नकाशा पसरला आहे,
चार कोपऱ्यांवर चार जुने स्पार्क प्लग.
खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा वास,
आणि आम्ही बोलतोय वाळूबद्दल.

माणसं अकरा, गाड्या चार.
त्यात मढवीची जिप्सी धरायची की नाही
यावरच पाऊण तास गेला.
ती सुरू होते, पण तिच्या मनात आलं तर.

विल्सन आवळे बोट ठेवतो
नकाशात जिथं काहीच नाही तिथं.
"इथं. डांबर संपल्यावर एकोणसाठ किलोमीटर."
लाखासरचं मिशन. बारा खोल्या, दवाखाना, एक घंटा.
त्याचे वडील तिथं कंपाउंडर होते,
पहाटे सहाला घंटेचा दोर ओढायचे ते तेच.
आधी डॉक्टर गेले, मग रोगी, मग छप्पर.
दोर कधी गेला ते कुणाला आठवत नाही.
उरलाय मघाराम, राखणदार;
टाकीवर चढला तरच त्याचा फोन लागतो.

पाण्याचं खातं अर्थातच माझ्याकडे.
एकतीस वर्षं पालिकेत बसून मी ठरवलं
कुठल्या सेक्टरचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा.
नेरूळच्या बायकांना माझं नाव ठाऊक नव्हतं,
मी त्यांची सव्वासहाची मॅडम.
तेव्हा आकडे दशलक्षांत होते, झोप लागायची.
आता दर माणशी, दर दिवशी चार लिटर,
अकरा माणसं, सहा दिवस, दोनशे चौसष्ट,
आणि रात्री उठून मी पुन्हा गुणाकार करते.

देवांगनं विचारलं, "आणि आंघोळीचं?"
सगळे हसले. तो हसला नाही.
मंगळवारी त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं.
मी अकरा खोडून दहा केले.

रविवारी उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवर तालीम.
टायरची हवा अठरावर आणली,
भरावाच्या मातीत जिप्सी आसापर्यंत रुतली,
आणि यामिनी ठोसर, जी ऑफिसात कुणाला साधं "ओ" म्हणत नाही,
फळ्या सरकवत ओरडली, "क्लच सोड, गाढवा!"
वॉचमन आला. प्लॉट कुणाचा?
सिडकोचा.
मग तंबू तुमचे कसे?
याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.
त्याला चहा दिला. तोही थोडा वेळ तंबूत बसून बघून गेला.

मग गुरुवारी मघाराम टाकीवर चढला.
विल्सननं फोन ड्रमवर ठेवला, वाक्य थांबवत थांबवत सांगत गेला:
पाणी आणू नका म्हणतो.
पंधरा दिवसांनी टँकर येतो म्हणतो,
दर खेपेला दोन घडे बाजूला काढतोय,
तुमच्यासाठी,
दिवाळीपासून.

बाहेर कुणाची तरी गाडी धुतली जात होती,
पाइप जमिनीवर तसाच वाहत पडला होता.
रझाक उठला, नळ बंद करून आला,
हात पुसत बसला.

मी वही काढली. दहाचे पुन्हा अकरा केले.
आकडा तोच, दोनशे चौसष्ट,
फक्त त्यातला एक माणूस
आता आधीपासून तिथं उभा होता.

रझाक म्हणाला, एवढं वजन कॅरिअर घेणार नाही.
मग खुर्च्या गेल्या. मढवीचा तंदूर गेला.
तंदूरसाठी बरीच बाचाबाची झाली, ती इथं लिहीत नाही.

परवा विल्सनबरोबर दिवाळे कोळीवाड्यात गेले.
निळा नायलॉनचा दोर, चाळीस फूट.
कोळ्यानं हातावर माप घेत विचारलं, कुठल्या होडीचा?
विल्सन म्हणाला, घंटेचा.
म्हातारा थांबला. दोर नखानं खरवडून पाहिला.
"खाऱ्या पान्यान धा वरसां टिकंल," म्हणाला,
"उन्हाचा मना ठाव नाय."

विल्सननं पैसे मोजले.
दोर खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत चालत आला,
डिकी उघडीच होती,
पण त्यानं तो पुढं, मांडीवर घेतला.