पिंप क्रमांक चारशे सतरा

किंटायरच्या टोकाशी, धक्क्याच्या वळणावर माझं दुकान.
नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात.
उन्हाळ्यातले पाहुणे पांगले की
उरतात ती गावची माणसं,
आणि त्यांना कसलीच घाई नसते.

याखन आला. टोपी काढून काउंटरवर ठेवली.
भट्टीवर चाळीस वर्षं पिंपं बांधली त्यानं,
डाव्या अंगठ्याचं नख अजून काळंच उगवतं.
"उद्या सत्तरी," म्हणाला. "काहीतरी बरं दे."

मी मांडत गेले.
ही शेरीच्या पिंपातली, मनुका भिजत घातल्यासारखी.
ही धुरकट, ओल्या दोरखंडाच्या वासाची.
ही हलकी, नाशपातीची साल नखानं सोलावी तशी.
तो एकेक बाटली दिव्यासमोर धरी आणि खाली ठेवी.
रंगाचं काय, म्हणाला, रंग कुणीही चढवतो.

मग त्याची नजर गेली
कुलुपातल्या फळीवर.
तेवीस वर्षांची, एकाच पिंपातली. क्रमांक चारशे सतरा.
'अतिदुर्मिळ. फक्त एकशे अठरा बाटल्या.'
किंमत मी सांगितली नाही.
त्यानं वाचली.

आणि हसला. आधी नुसता नाकातून,
मग काउंटरची कड घट्ट धरून.
"चारशे सतरा! अगं मर्डिना, ते गळकं होतं!
त्या सकाळी मार्सलीशी भांडून कामावर गेलो,
सांध्यात लव्हाळं धड बसवलंच नाही."

पण पिंपातलं जे उडून जातं
ते देवदूत पितात म्हणे, मी म्हटलं.
"देवदूत कसले? फरशी प्यायली."

बड्या गिऱ्हाइकांसाठी भट्टीनं धाडलेली
नमुन्याची चिमुकली बाटली होती माझ्याकडे.
ओतली. पाण्याचे दोन थेंब, जास्त नाहीत.
त्यानं पेल्यात नाक घातलं ते काढीचना.
बाहेर एक बोट आली, दोर टाकला, बांधला,
इंजिन बंद झालं.
मग एक घोट. तोंडातल्या तोंडात फिरवला,
जुनी गोष्ट चघळावी तसा.

"मेण," म्हणाला. "थोडं मीठ. शेवटी लाकूड.
लाकूड चांगलं होतं, ते मात्र खरं."
आणि जरा वेळानं:
"भांडण कशावरून होतं
ते काही केल्या आठवत नाही."
विचारायला आता मार्सलीही नाही.

त्यानं नेली नेहमीची दहा वर्षांची, धुरकट.
नाणी मोजून दिली, टोपी विसरला,
परत आला, टोपी घेऊन गेला.

पाटी मी बदललेली नाही.
रात्री साठ्याच्या वहीत
नमुना अर्ध्या पेल्यानं कमी भरला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
गळती.