नाव घालणाऱ्याचा हात

मंगळबाजारात भाऊंनी बेचाळीस वर्षं
भांड्यांवर नावं घातली.
रुखवताची ताटं, मुंजीचे पेले,
कुणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई,
मराठी नाहीतर गुजराती, गिऱ्हाईक मागेल ती लिपी.
यंत्राची सुई थरथरायची, हात नाही.
ठिपक्याला ठिपका लागून अक्षर व्हायचं.

आता यंत्र माळ्यावर, तरी हात चालूच.
चहा बशीत सांडतो, बशीतला लेंग्यावर,
आणि भाऊ म्हणतात,
"करंट कुठून येतोय बघ गं."

मी फतेगंजच्या लॅबमध्ये पेशींना जेवू घालते.
त्यांना रविवार नसतो, उत्तरायणही नसते.
अख्खं बडोदं गच्चीवर, "काप्यो छे"चा कल्ला,
आणि मी खाली, सदतीस अंशांच्या कपाटापुढे
गुलाबी पाणी बदलत.

दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या दंडाची कातडी घेतली,
साबुदाण्याच्या दाण्याएवढी.
कोरड्या बर्फात बसून ती गेंटला गेली.
भाऊ स्वतः दमणच्या पुढे कधी गेले नाहीत.
तिथे तिला उलट चालायला शिकवलं:
कातडी होतीस ते विसर,
कुणीच नसल्यासारखी हो,
मग पुन्हा शीक, या वेळी मेंदूची पेशी.
म्हणे.
अकरा वर्षं हेच करते, तरी मी "म्हणे" म्हणते.

बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो.
त्यातला भाऊंचा कुठला, मला माहीत नसायला हवं.
नाहीये.
भाऊंना हे पटत नाही.
"बिननावाचं भांडं पंगतीत हरवतं," म्हणतात.

त्याच पेशी तीन गावांत वाढतात:
गेंट, तुरिन, बडोदं.
कृती एक, बाटल्या एकाच कंपनीच्या, मिनिटं मोजलेली.
गेंटला जगतात. तुरिनला निम्म्या.
माझ्याकडे चौथ्या दिवशी सुटून वर तरंगतात,
नासलेल्या दुधासारख्या.
तीन महिने हेच.
पाणी तपासलं, वीज तपासली,
मग स्वतःला तपासायला लागले.

जेवताना भाऊंना सांगितलं.
"तिचा हात बघितलास?"
कुणाचा?
"तिकडच्या बाईचा. कृती काय, सगळेच लिहून देतात.
हात वेगळा की अक्षर वेगळं."

मंगळवारी, आमचे दुपारचे अडीच,
तिच्याकडे अजून सकाळची कॉफी,
मी लीस्बेटला म्हटलं, कॅमेरा खाली घे, चेहरा नको.
बोटं दिसली. नखं कुरतडलेली, माझ्यासारखीच.
थेंब ती पेशींवर सोडत नव्हती.
बशीच्या काठाकाठाने उतरू देत होती,
बाळ झोपलेल्या खोलीत शिरावं तसा.
हे तिलाच ठाऊक नव्हतं,
कागदावर कुठून येणार?

आता माझ्याकडेही जगतात.
सव्विसाव्या दिवशी त्यांना धागे फुटले.
भाऊंना फोनवर दाखवले.
चष्मा दोनदा पुसून म्हणाले, "ठिपके लागले की रेघेला."
मग तो प्रश्न, दर दिवाळीला असतो तो.
मी म्हटलं, दहा वर्षं.
कमीच सांगितली.
त्यांचं वय दोघांनाही पाठ आहे.
ते गॅस बंद करायला उठले,
बटण तिसऱ्या खेपेला सापडलं.

लीस्बेट फेब्रुवारीत येतेय.
भाऊंनी स्टीलचा डबा आणला, माळ्यावरून यंत्र काढायला लावलं.
"ल-ला दीर्घच ना? आणि नवऱ्याचं नाव?"
नवरा नाहीये, भाऊ.
"बरं, मग जागा वाचली."
सुईची थरथर, त्यात हाताची.
अक्षरं दुहेरी उमटली, जणू दोघांनी मिळून घातलेली.
हिस सप्रेम भेट. खाली तारीख.
त्याखाली "कडून",
आणि "कडून"च्या आधी कोरी, चकचकीत जागा.

आणि तुमचं नाव?

"फॉर्मवर लिहिलंय ना," भाऊ म्हणाले,
"सांगायचं नाही म्हणून."