सही जुळत नाही

बँकेनं फॉर्म परत पाठवला, तिसऱ्यांदा.
सही जुळत नाही.
हमरियाच्या यार्डात मी हजेरी घेतो, एकोणीस वर्षं झाली.
सह्यांपलीकडे मला फारसं काही कळत नाही.
म्हणून रॅकवरून रजिस्टरं उतरवली, नऊ,
वाळू झटकली, आणि बसलो.

पहिल्यात: लतीफ इस्माईल सोलकर, हर्णै,
वेल्डर, बॅज चारशे बारा.
त्याचा ल म्हणजे वारं भरलेलं शीड,
आणि शेवटच्या र ची शेपटी
थेट खालच्या धनबहादूरच्या घरात.
मी ओरडायचो, अरे रकान्यात कर, बापाची जमीन आहे का!
तो म्हणायचा, नावच मोठं आहे साहेब, मी काय करू.

तिसऱ्यात शेपटी रकान्यात बसलीय.
आठवतं मला, बरं वाटलं होतं.
माणूस वळणावर आला, म्हटलं.

त्या वर्षी तो टाकीत होता, जहाजाच्या पोटात,
जिथं माणसाला वाकावं लागतं
आणि धूर उभाच राहतो.
पंखा होता.
पंख्याचं तोंड समुद्राकडे होतं.
रॉडच्या खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं,
त्यात मँगनीज,
चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरात.

पाचव्यात स आणि ल एकमेकांच्या अंगावर पडलेत.
त्याच सुमाराला मेसमध्ये सुके बोंबील भाजले,
दोन मजले वरून लोक नाक धरून भांडायला आले.
हा ताटावर बसला आणि विचारलं,
आज काय केलंय?
हर्णैचा माणूस.

मग त्यानं धनबहादूरला पाना फेकून मारला.
आधी शिवी नाही, आधी काहीच नाही.
रात्री त्याच्याच पायथ्याशी बसून रडला.
मामू गेल्याचा फोन आला तेव्हा हसत सुटला,
थांबेना, दोन्ही हात तोंडावर,
आणि हातांच्या वर डोळे, घाबरलेले.
फोरमन म्हणाला, पितो.
बायकोनं मला विचारलं, खरं सांगा,
तिथं कुणी ठेवलीय का त्यांनी?
बोलतात, पण भिंत बोलावी तसं.
मी म्हटलं, वहिनी, उन्हाळा फार आहे.
इथं सगळ्याचं खापर उन्हावर फोडता येतं.

टाचा उचलून चालायला लागला
तेव्हा आम्ही त्याला कोंबडा म्हणायचो.
मीही म्हणायचो.

सातव्यापासून सही म्हणजे मुंग्यांची ओळ,
पुढं पुढं बारीक,
शेवटचा र वारुळात गेलेला.
कंपनीच्या दवाखान्यानं रक्त तपासलं:
मर्यादेत.
दुसरा एक डॉक्टर, त्रिशूरचा, दार लावून म्हणाला,
रक्तात आता काय शोधता?
ते कधीच पुढं गेलं. डोक्यात बिऱ्हाड केलंय त्यानं.
हा राग, हे हसू, हा चेहरा,
ह्यातलं ह्याचं काय आणि धुराचं काय,
मला वेगळं करून देता येणार नाही.

नऊ रजिस्टरं मी बँकेच्या काउंटरवर मांडली,
शेजारी शेजारी, पानं उघडून.
बघा, म्हटलं. माणूस हाच.
रोज माझ्यासमोर सही केली, रोज जराशी कमी,
आणि मी रोज बरोबरची खूण केली.
काउंटरवरची मुलगी बराच वेळ बघत राहिली,
पहिल्या सहीवर तिनं बोटही फिरवलं.
मग म्हणाली, आमच्याकडे एवढी एकच आहे.

शेवटी अंगठा.
अर्ध्या कॅम्पची पत्रं ज्यानं लिहून दिली, त्याचा.
अंगठा थरथरला, शाई फासली गेली,
मी मनगट धरलं, पुन्हा टेकवला.
तो कागदाकडे वाकला,
चेहऱ्यावरची रेष न हलवता हळूच म्हणाला,
रकान्यात आला का, साहेब?