कागद बदलायचा दिवस

डिसेंबर सरत आला की दारांचे कागद बदलायचे,
हे सासूबाईंनी मला सांगितलं नव्हतं,
नुसती बादली हातात दिली होती.
त्याला बावन्न वर्षं झाली.

दारं तीच. लाकडाच्या बारीक पट्ट्यांची,
माझ्या गुडघ्यांसारखी करकरणारी.
कागद तेवढा दर साली नवा,
आणि दर साली आम्ही म्हणायचो,
यंदाचा जरा जास्तच पांढरा आहे.

वर्षभरात भोकं पडतातच.
मांजर, छत्रीची काडी, एइकिचीचं कोपर
(झोपेतसुद्धा कुणाशी तरी भांडायचा).
भोक पडलं की मी कागदाचं फूल कापायची,
खळ लावून वर चिकटवायची.
मार्चात पडलं तर चेरीचं,
नोव्हेंबरात पडलं तर मेपलचं पान.
संध्याकाळी आत दिवा लागला
की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसायचं
आमच्याकडे कुठल्या ऋतूत किती फाटलं.

गेल्या एप्रिलमधलं एक फूल मात्र
घाईचं आहे.
इस्पितळातून फोन आला, मी धावले,
आणि खांदा दारात गेला.
नंतर केव्हातरी बुजवलं.
पाकळ्या पाच लागतात. चारच कापल्या गेल्या.
तशीच राहू दिली.

जुना कागद काढण्याआधी
पोरांना त्यावर सोडायचं असतं.
वर्षभर दटावलेली बोटं
त्या एका सकाळी मोकळी.
इत्सुकी चार वर्षांचा होता तेव्हा
फट् फट् करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला,
हसून हसून त्याला उचकी लागली,
आणि एइकिची, एवढा मोठा माणूस,
त्याच्यामागून वरच्या रांगेतली भोकं पाडत गेला.

इत्सुकी आता साप्पोरोला असतो.
परवा फोनवर म्हणाला, आजी,
हल्ली प्लास्टिकचा कागद मिळतो, फाटतच नाही,
दहा वर्षं बघायला नको.
मी म्हटलं, दहा वर्षं?
मग डिसेंबरात मी करू काय?

आज सकाळी, दारं अंगणात न्यायच्या आधी,
शेजारची चिझुए दिसत नाही ना हे पाहून घेतलं
आणि तर्जनी जिभेला लावली.
पहिलं भोक भीतभीत. फट्.
दुसरं जरा मोठं.
मग एक अख्खी रांग.
चार पाकळ्यांपाशी आले आणि
तिथे बोट टेकवून
किती वेळ उभी होते कोण जाणे. चहा गार झाला.

फट्.

भोकाला डोळा लावला.
पर्सिमनच्या झाडावर पान नाही,
शेंड्याला एकच फळ,
झाडाला राखण म्हणून न तोडता ठेवलेलं.
एक पाखरू त्या राखणदारालाच खात होतं,
अगदी सावकाश,
मधूनमधून चोच फांदीला पुसत.

मग नेहमीचंच. नळ सोडला, खळ भिजली,
कागद ओल्या सालीसारखा सुटून आला.
चेरी, मेपल, चार पाकळ्या,
सगळं बादलीत एकाच रंगाचं झालं.
ते पाणी मी झाडाच्या बुंध्याला घातलं.
बोटं इतकी गारठली
की कुणाची आहेत ते कळेना.

आता दारं पुन्हा जागेवर आहेत.
कागदावर पाणी फवारलंय, सुकला की ताणला जाईल.
सुकलेल्या कोपऱ्यावर नखाने टिचकी मारून पाहिली,
डफासारखा वाजतो.
यंदाचा जरा जास्तच पांढरा आहे.

मांजर समोर बसून
मघापासून त्याच्याकडे बघतंय.
कात्री हाताशीच ठेवली आहे.