पीठप्रूफ

दारव्ह्याच्या स्टँडासमोर राठ्याचं दुकान.
काचेखाली फोन मांडलेले,
तान्ह्या पोळ्याआधी लाकडाचे नंदी मांडते तसे, ओळीनं.
पोरगा म्हणे, काकू हा घ्या, पन्नास मेगापिक्सल.
म्हटलं, आमच्या घरी फोटो काढासारखं एवढं काय हाय?
मग त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला,
बॅटरी सांगतली, रॅम सांगतली, वरून कव्हर फुकट.
मले एकच इचारायचं होतं:
पीठ गेलं तं चालते का?
थो थांबला.
पाण्याचं मायती हाय काकू,
पिठाचं आजवर कोणी इचारलं नाई.

मी गिरणीवाली.
मापात मारलेलं बोट मले दुरून दिसते.
म्हणून प्लॅनचा कागद हाती आला तसे
पह्यले दिवस मोजले.
अठ्ठावीस.
अठ्ठावीस दिवसाचा महिना
कोणाच्या कॅलेंडरात हाय बापा?
बारा महिन्याच्या वर्षात तेरा रिचार्ज बसते,
अन् वरून एक दिवस उरतेच.
धोंड्याचा महिना तरी तीन वर्षांनी येते,
जावयाले अनारसे चारून निघून जाते.
यांचा धोंडा दरसाल,
अन् जावई कोण ते दिसत नाई.

कंपनी कोणती, हे आमच्या गावात आमी ठरवत नाई.
एकीची रेंज पाण्याच्या टाकीवर,
दुसरीची शाळेमागच्या उकिरड्यापाशी,
तिसरीची जाहिरातीत.
उकिरडा घराजवळ पडते, म्हणून तिची घेतली.

पाटीवर लिहिलं होतं, कुटुंब प्लॅन.
एक रिचार्ज, चार सिम.
चित्रात चौघं, चौघंही दात काढून हासून रायले.
आमी पाच.

बोटावर मोजलं.
मालक काळीपिवळी चालवते, दारव्हा ते दिग्रस,
त्याइले सवाऱ्याइचे फोन.
तेजस पुसदले, हॉस्टेलात.
चेतनाचे फॉर्म, फॉर्माच्या तारखा,
त्या तारखांचे ओटीपी.
सासूबाईले साधा, बटनाचा.
त्याइचा भाऊ रोज सात वाजता मिस कॉल देते,
ह्या उलट मिस कॉल देते,
झालं बोलणं.
अंगठा राह्यला.
थो मुठीत धरला.

अन् तुमचं, काकू?
म्हटलं, माह्याकडे हाय.
हाय म्हणजे चेतनाचा जुना,
काच तडकलेला, सिम नसलेला.
गिरणीचा पट्टा घसरला
की उजेड पाडून पाहाले कामी येते.
त्याच्यात पीठ केव्हाचंच गेलं.
चालते.

चौघाइले रोजचा दीड-दीड जीबी.
नाई वापरला तं रात्री बाराले सांडून जाते म्हणे.
कुठी सांडते, कोणाच्या पोत्यात,
राठ्याच्या पोरालेही सांगता आलं नाई.
माह्या गिरणीत झाडणही वाया जात नाई,
दगडाभोवतीचं, डब्याखालचं,
सुपात भरून ठेवते, बकरी खाते.

तं पोरगी अकराले हाक मारते,
आई, उरलंय, ये.
आमच्या आयांच्या काळी
बाया अशाच शेजारी इस्तवाले जायच्या,
गोवरीवर निखारा घेऊन, पदराचा आडोसा करून.
मी माह्या फोन तिच्या फोनाले नेऊन टेकवते.
ते हासते.
आई, चिकटवाची गरज नाई, दुरूनही लागते.
लागत असन.

पाहून पाहून मी एकच पाहाते.
कुठची कोण एक बाई,
गिरणीच्या दगडाले सोताच टाके घालते.
आमच्याकडे टाके घालाले माणूस येते,
चहा पेते, पैसे घेते, अन् सांगते
हे बाईचं काम नाई.
बाईचा हातोडा वर जाते,
अन् तथीच राहाते.
मधात एक बारकं जातं फिरत राहाते,
ज्यातून काईच पडत नाई.

संपला वाटते, चेतना म्हणते.
थांब, पाच मिनिटांनी नवा येते.

लाइट बंद करून
आमी दोघी बसून राहातो.