खण

स्कालाच्या गोदीत हानुस जहाजांचा गंज खरवडायचा.
संध्याकाळी भुवयांत तांबूस धूळ घेऊन यायचा,
उशीवर कधी कधी
कुठल्याशा मासेमारी बोटीचा पोपडा सापडायचा.
रक्ताचं पाणी करतो माझा मुलगा, सासू सांगायची.
ते पाणी खरंच होत चाललंय
हे तिला कुठून कळणार, मलाही नव्हतं कळलं.

त्या हिवाळ्यात तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबू लागला.
बूट बांधायला बसला की बसूनच राहायचा.
मेंढ्या उतरवायला डोंगरावर कोण जाणार, मी विचारलं.
आळशी म्हणाले. एकदा नाही.
मग तो बर्फ चघळू लागला,
रात्री दोनला, फ्रीजच्या उजेडात, कडाकडा.
मला वाटलं, माझाच राग चावतोय.

पोट विशीपासून बिघडलेलं. क्रोन्स.
त्याची आम्हाला सवय झाली होती, वाऱ्याची होते तशी.
पण रक्त पडतंय
हे त्यानं पोटातच ठेवलं,
नळ सोडून, दार लावून.

तोर्शहाव्नला डॉक्टर बाईंनी त्याची खालची पापणी ओढून दाखवली:
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी, कोरी.
मग रिपोर्टच्या पाठीवर एक कोठार काढलं.
खालून गळतंय, म्हणाल्या, थेंब थेंब, कित्येक वर्षं.
आणि उरलंसुरलं कुलपात आहे.
आतडं सुजलं की शरीराला वाटतं, दारात शत्रू आलाय;
ते लोखंड आत टाकतं, किल्ली लपवतं,
शत्रूबरोबर घरचेही उपाशी.
"पण तीन महिने गोळ्या घेतल्यात त्यानं."
"उंबऱ्यापर्यंत पोचल्या असतील," त्या म्हणाल्या.

खुर्चीत बसवून बाटली लावली.
आत गंजाच्या रंगाचं पाणी.
हानुस बराच वेळ बघत राहिला.
"जन्मभर हेच खरवडलं," म्हणाला,
"आता भरताहेत."
नर्स हसली. मी खिडकीतून बंदर पाहिलं.

परतताना समुद्राखालच्या बोगद्यात
मला माफी मागायची होती.
त्याऐवजी विचारलं, हीटर वाढवू का?
वाढव, तो म्हणाला.

सूज अजून आहे. औषध बदललंय, बघू म्हणतात.
मेंढ्या शेजारच्या सुन्नव्हासोबत मीच उतरवल्या,
दोन कमी भरल्या.

नवव्या रात्री जाग आली. घर गप्प.
अनवाणी खाली गेले, फ्रीज उघडला,
ट्रे बाहेर काढून
बोटानं खण मोजले:
चौदाच्या चौदा.